लाल तांदळाचा रंग कोण चालू करतं?

गेल्या वेळी आपण गटाच्या मालाचं पॅकिंग आणि लेबल यावर बोललो. तेव्हा लाल तांदळाचा विषय निघाला. नंतर जे प्रश्न आले, त्यातल्या दोघांचं उत्तर पॅकिंगमध्ये नाही, दाण्यात आहे. एक, "ताई, आमच्या लाल भातात पांढरे दाणे कुठून येतात?" आणि दुसरा, "लाल तांदळानं रक्त वाढतं असं पिशवीवर छापू का?" दोन्हींची उत्तरं आज देणार आहे. पण त्याआधी दाण्याच्या आत थोडं खोल जावं लागेल. घाबरू नका. मी बी.ए. आहे, सायन्सवाली नाही. मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

भात झोडून झाल्यावर मूठभर दाणे हातात घेतले, तर लाल कुठला आणि पांढरा कुठला हे तुसावरून बहुतेक वेळा सांगता येत नाही. दाणा सोलला की कळतं. लाल रंग तुसाच्या आत, तांदळाच्या अंगाला चिकटलेल्या पातळ सालीत असतो. गिरणीत जास्त पॉलिश मारलं की ही साल कोंड्याबरोबर जाते आणि लाल तांदूळही पांढरा होऊन बाहेर येतो. आतला गर दोघांचाही पांढराच. म्हणजे वालय, सोरटी, मुणगा अशी जी लाल भातं आपल्या कोकणात घरोघरी होती आणि अजून काही ठिकाणी आहेत, त्यांचं सगळं वेगळेपण या केसाएवढ्या सालीत आहे.

आता कोणालाही वाटेल की लाल भाताकडे रंग तयार करायची कृती आहे आणि पांढऱ्याकडे ती नाही. तसं नाही. पांढऱ्या भाताकडेही त्या कृतीतली बरीचशी पानं आहेत. नाही ते "हे पान उघडा आणि कामाला लागा" असं सांगणारं माणूस. हे माणूस म्हणजे एक प्रथिन, आपण ज्याला प्रोटीन म्हणतो ते.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, मासे आठवतात. पण प्रथिनं हजारो प्रकारची असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. काही शरीर बांधतात, काही अन्न पचवतात. आणि काही प्रथिनं अशी आहेत, की ती फक्त डीएनएवरचा एक ठरावीक शब्द शोधतात, त्यावर बसतात आणि शेजारचं जनुक चालू किंवा बंद करतात. आजची गोष्ट या शेवटच्यांची.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली भलीमोठी वही: ए, टी, जी आणि सी. भाताच्या वहीचे १२ खंड आहेत आणि अक्षरं सुमारे ३९ कोटी. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून ही सगळी वही २००५ साली वाचून काढली. अकराव्या खंडाच्या वाचनात दिल्लीतल्या आपल्या संस्थांचाही वाटा होता. या वहीतली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. गंमत अशी की मुळाच्या पेशीत, पातीच्या पेशीत, दाण्याच्या सालीत, सगळीकडे तीच पूर्ण वही आहे. तरी मूळ हिरवं होत नाही आणि पातीला दाणे धरत नाहीत. आपल्या गटात सगळ्यांकडे सगळ्या पदार्थांचं प्रमाण लिहिलेलं असतं, पण आज ऑर्डर कोकम सरबताची असेल तर कोणी फणसाचे गरे तळायला घेत नाही. ऑर्डर काय आहे ते कोणीतरी सांगावं लागतं. पेशीत ते ही प्रथिनं सांगतात.

पण प्रथिनाला ना डोळे ना अक्षरओळख. मग ते ३९ कोटी अक्षरांत आपला शब्द ओळखतं कसं? मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला, म्हणून जरा सावकाश सांगते.

दोन पदरी काथ्याचा दोर डोळ्यांपुढे आणा. पीळ घातल्यामुळे दोन पदरांच्या मधून खाचा फिरत जातात. डीएनए असाच दोन पदरी पीळदार आहे, फक्त इतका बारीक, की एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी त्याची जाडी. त्याच्या पिळात एक खाच रुंद असते आणि एक अरुंद. अक्षरं आत असतात, एका पदरावरचं अक्षर समोरच्या पदरावरच्या अक्षराला धरून. ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी. दोर उसवल्याशिवाय अक्षरं पूर्ण दिसत नाहीत, पण त्यांच्या कडा खाचेतून हाताला लागतात.

लाइट गेल्यावर आपण फळीवरचे डबे हातानं ओळखतो ना? हळदीच्या डब्याला पोचा आहे, मिठाच्या बरणीला फिरकीचं झाकण आहे. तसंच हे. रुंद खाचेत बोट फिरवलं तर प्रत्येक अक्षरजोडीची कड वेगळी लागते. कुठे हायड्रोजन द्यायला तयार असलेली जागा, कुठे घ्यायला तयार असलेली, आणि टीच्या अंगावर तर एक छोटा उंचवटाच. अरुंद खाचेत हा फरक नीट लागत नाही. तिथे ए-टी आणि टी-ए जवळपास सारखेच वाटतात. म्हणून अशी बरीचशी प्रथिनं आपलं बोट रुंद खाचेतच घालतात. हे बोट म्हणजे प्रथिनाचा स्प्रिंगसारखा वळलेला तुकडा. तो त्या खाचेत नेमका मावतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोराच्या बाहेरच्या अंगावर ऋण भार असतो आणि प्रथिनाच्या बोटावर धन. त्यामुळे प्रथिन दोराला कुठेही हलकं चिकटतं, सरकत जातं, सुटतं, पुन्हा दुसरीकडे चिकटतं. जिथे कडा बोटाशी तंतोतंत जुळतात, तिथे पकड घट्ट होते आणि ते थांबतं. बाजारात कापड चाचपत पुढे पुढे जावं आणि हवा तो पोत लागला की हात थांबावा, तसं.

तांदळाचा लाल रंग चालू करणाऱ्या जनुकाला आरसी म्हणतात. त्याचं प्रथिन ज्या घराण्यातलं आहे, त्या घराण्याची रीत जोडीनं काम करण्याची. दोन प्रथिनं चिमट्याच्या दोन पायांसारखी उभी राहतात आणि मधे दोर पकडतात. त्यांचा शब्द सहा अक्षरांचा, सी-ए पासून सुरू होणारा आणि टी-जी वर संपणारा, मधली दोन अक्षरं थोडी इकडची तिकडची चालतात. उदाहरणार्थ सीएसीजीटीजी. यात एक मजा आहे. शाळेत आपण "चिमा काय कामाची" उलटसुलट वाचायचो, दोन्हीकडून तेच. डीएनएमध्ये उलट वाचायचं ते समोरच्या पदरावर. सीएसीजीटीजीच्या समोरच्या पदरावरची अक्षरं उलट्या बाजूनं वाचा, पुन्हा सीएसीजीटीजीच येतं. घरी कागदावर करून बघा, ए समोर टी आणि सी समोर जी लिहून. म्हणजे जोडीतल्या एकीला या पदरावर सी-ए सापडतं आणि दुसरीला त्या पदरावर सी-ए. दोघींचे हात सारखे, म्हणून शब्दही दोन्हीकडून सारखा.

आपल्याही शरीरात हेच चालतं. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्वतः डीएनएला हात लावत नाही. ते पेशीत जाऊन एका प्रथिनाला मिळतं आणि ते प्रथिन जोडीनं डीएनएवरच्या असल्याच दुतोंडी शब्दावर बसतं. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर "ईआर पॉझिटिव्ह" लिहिलेलं असतं, त्यातलं ईआर म्हणजे हेच प्रथिन. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी त्याची जागा अडवून ठेवते, म्हणून तो रिपोर्ट डॉक्टरांना औषध ठरवायला लागतो. कोणाच्या घरी असा कागद असेल तर नीट जपून ठेवा.

परत भाताकडे. तुम्ही हिशेबाला पक्क्या आहात, तर एक हिशेब करू. सहा अक्षरांतली चारच ठरलेली असतील, तर असा शब्द ढोबळमानानं दर २५६ अक्षरांमागे एकदा योगायोगानंही येणार. ३९ कोटींत भागाकार केला तर १५ लाख जागा होतात! मग प्रथिन सगळीकडे जाऊन बसत का नाही? एकतर डीएनएचा पुष्कळसा भाग रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळून ठेवलेला असतो, तिथे बोट शिरत नाही. आणि दुसरं म्हणजे ते एकटं येत नाही. वनस्पतींमध्ये असले रंग चालू करायला साधारण तीन प्रकारची प्रथिनं एकत्र येतात. एकाचा शब्द इथे, दुसऱ्याचा शेजारी, आणि तिसरं दोघांना बांधून ठेवणारं. बँकेत गटाच्या खात्याला अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, एकीच्या सहीवर पैसे निघत नाहीत. तसाच प्रकार.

आता बिघाड कुठे झाला ते बघू. २००६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मेगन स्वीनी, सुझन मॅकूच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरसी जनुक सातव्या खंडात नेमकं शोधून काढलं. पांढऱ्या तांदळात त्या जनुकातली १४ अक्षरं गळालेली होती. फक्त १४. पण वहीतली कृती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचली जाते, आणि तिथे घोळ झाला. ही ओळ ऐका: कमळ बदक नजर गवत पदर. यातली बदकमधली शेवटची दोन अक्षरं काढा आणि पुन्हा तीन-तीन करून वाचा. कमळ बनज रगव तपद र. दोनच अक्षरं गेली, पण पुढची सगळी ओळ वाया. १४ म्हणजे चार शब्द आणि वर दोन अक्षरं, म्हणजे तोच प्रकार. पेशी अशी बिघडलेली कृती वाचत जाते, मधेच "इथे थांबा" असा शब्द लागतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. डीएनए धरणारा हात पुढच्या भागात होता. तो तयारच होत नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी जगभरातली पांढरी भातं तपासली, तेव्हा शंभरातल्या जवळजवळ ९८ वाणांत हीच १४ अक्षरं गळालेली निघाली. म्हणजे फार पूर्वी कुठेतरी एका रोपात ही चूक झाली, कोणाला तरी पांढरा दाणा आवडला, तिनं तो बियाण्याला ठेवला आणि तो हातोहात जगभर गेला. मी "तिनं" म्हणते, कारण बियाणं निवडण्याचं काम कोण करत आलंय ते आपल्याला माहीत आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं अंदाजाचं. तर २००८ साली एक नोंद आली. अमेरिकेत वेल्स नावाच्या पांढऱ्या वाणात आपोआप लाल दाण्याची रोपं सापडली होती. तपासलं तर १४ अक्षरं तशीच गायब, पण त्यांच्या थोडं अलीकडचं आणखी एक अक्षर गळालेलं. १४ आणि १ किती? १५. म्हणजे पाच पूर्ण शब्द. आपल्या ओळीतला कमळमधला ळ पण काढून बघा: कमब नजर गवत पदर. एक शब्द बिघडला, पुढची ओळ परत जागेवर. प्रथिनाला हात परत मिळाला आणि दाणा लाल झाला. रंगाचं सामान तिथे होतंच, ते वापरायला सांगणारं कोणी नव्हतं.

आता पिशवीवर काय छापायचं. हा जो लाल रंग आरसी चालू करतं, तो प्रोअँथोसायनिडिन नावाच्या द्रव्याचा. चहाला, सुपारीला जो तुरटपणा असतो, त्याच जातकुळीतलं हे द्रव्य. तो लोहाचा रंग नाही. लाल तांदळात लोह किती, हे वाणावर, जमिनीवर आणि साल किती ठेवली यावर ठरतं. उलट असली तुरट द्रव्यं जेवणातलं लोह अंगी लागण्यात थोडा अडथळाच आणतात. म्हणून "रक्तवाढीसाठी" असं छापू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. "साल राखलेला, कमी पॉलिशचा लाल तांदूळ" एवढं खरं आहे आणि विकायला पुरेसं आहे. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलंय, तिला लाल तांदळाची पेज जरूर द्या, जेवणात लिंबू-आवळा द्या, पण आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी बंद करू नका. तांदूळ खपवायच्या नादात कोणाची गोळी सुटली, तर ते आपल्या माथी येईल.

आरसीचं काम रंगावर संपत नाही. २०११ साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी रानटी लाल भातावर दाखवलं, की हेच प्रथिन बियाण्याला झोपवून ठेवणारं संप्रेरक वाढवायलाही मदत करतं. म्हणजे एकच हात दोन पानं उघडतो, रंगाचं आणि झोपेचं. कापणीच्या तोंडावर पाऊस लांबला की शेतात आडव्या झालेल्या भाताच्या लोंबीला मोड येतात, हे आपण रत्नागिरीकरांनी कितीदा पाहिलंय. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या आजी म्हणतात, "तांबड्याला लवकर कोंब येत नाही." प्रत्येक लाल वाणाचं असं असेलच असं नाही, बियाण्याच्या झोपेवर बऱ्याच जनुकांचा अंमल असतो. पण आजींच्या बोलण्याला बूड आहे.

आणि आता पांढरे दाणे. मागच्या दिवाळीत एका दुकानदारानं आमच्या एका गटाचा २० किलो लाल तांदूळ "भेसळ आहे" म्हणून परत पाठवला. भेसळ कोणी केली नव्हती. पण पांढरे दाणे होते हे खरं, आणि ते कसे आले हे शोधायची एक सोपी पद्धत मला आरसी समजल्यावर मिळाली.

दाण्याची साल ही आईच्या अंगाची असते, आत जो अंकुर आहे तो आई-बाप दोघांचा. त्यामुळे लाल भाताच्या फुलावर शेजारच्या मळ्यातल्या पांढऱ्या भाताचा पराग पडला, तरी त्या वर्षी दाणा लालच दिसणार. दुसऱ्या वर्षी तो दाणा पेरला, तर त्या रोपात आरसीची एक चांगली प्रत असते आणि एक बिघडलेली. रंग चालू करायला एक चांगली प्रत पुरते, म्हणून त्याही वर्षी सगळे दाणे लाल. ते पुन्हा पेरले, की तिसऱ्या वर्षी त्या बियाण्यातल्या साधारण चारातल्या एका रोपाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. त्या रोपाच्या सगळ्या लोंब्या पांढऱ्या दाण्याच्या निघतात. लक्षात घ्या, अख्खं रोप पांढरं. एका लोंबीत काही दाणे लाल आणि काही पांढरे असं नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. बियाणं नवीन, शुद्ध आणलं आणि पहिल्याच वर्षी तांदळात पांढरे दाणे दिसले, तर वाऱ्याला दोष देऊ नका. ते खळ्यावर, मळणी यंत्रात, पोत्यात नाहीतर गिरणीत मिसळलेत. गेल्या वर्षीच्या पांढऱ्या भाताचे दाणे तरव्याच्या जागी पडून उगवले असतील, तेही शक्य आहे. माझ्या अंदाजानं आपल्याकडची बहुतेक मिसळ अशीच होते, कारण भाताचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं. म्हणून तर प्रमाणित बियाण्याच्या शेताला शेजारच्या वाणापासून फक्त ३ मीटर अंतर ठेवायला सांगतात. यंत्र आधी झाडून घ्या, लाल भात वेगळ्या दिवशी झोडा, गिरणीत पहिला किलोभर तांदूळ बाजूला काढा.

घरचं बियाणं दोन-तीन वर्षं पेरताय आणि मग पांढरं दिसायला लागलं, तर पराग आला असण्याची शक्यता धरा. अशा वेळी तांदूळ निवडत बसून उपयोग नाही, बियाणं निवडायला हवं. कापणीच्या आदल्या दिवशी मळ्यात जा, मधल्या भागातल्या, बांधापासून लांबच्या चांगल्या लोंब्या बघा, आणि प्रत्येक लोंबीतला एकच दाणा नखानं सोला. एक दाणा पुरतो, कारण अख्ख्या रोपाची साल एकाच रंगाची. लाल निघाला तर लोंबी ठेवा, पांढरा निघाला तर ती खायच्या भातात टाका. एका वर्षात सगळं शुद्ध होणार नाही, कारण बिघडलेली एक प्रत लाल सालीआड लपून राहते. दरवर्षी हेच केलं तर पांढऱ्याचं प्रमाण उतरत जातं. ज्यांना नव्यानं सुरुवात करायची आहे, त्यांनी शिरगावच्या भात संशोधन केंद्रात रत्नागिरी-७ या लाल वाणाची चौकशी करावी. केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे.

निवडलेल्या लोंब्या यंत्रात घालू नका, हातानं झोडा. उन्हात वाळवून वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर वाणाचं नाव, कोणाच्या मळ्यातलं आणि कोणत्या वर्षीचं, हे तिन्ही लिहा. वर्ष लिहिलं नाही, तर पांढरा दाणा खळ्यावरचा की परागाचा, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.